सहा भिंतींची शेळी

साठी उलटल्यावर बाईनं काय शिकावं यावर प्रत्येकाचं मत असतं. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, महिला मंडळ सांभाळा. डॉक्टर म्हणाले, योगा करा. शेजारीण म्हणाली, केक शिका. मी कुणाचंच ऐकलं नाही आणि सावेडीत दर शनिवारी भरणाऱ्या डिजिटल कॉमिक्सच्या क्लासला नाव घातलं. अडतीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलंय, दुसऱ्याचं ऐकायची सवयच राहिलेली नाही.

क्लासमधे अकरा पोरं, सगळी चौदा-पंधराची, आणि मी एकसष्टची. पहिल्या दिवशी मी आत शिरले तशी सगळी उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, याच मॅडम. खरी शिकवणारी माझ्या मागून आली. मनवा तिचं नाव, वय सव्वीस, केसांची एक बट निळी. मला म्हणते, "आजी, पालकांनी बाहेर बसायचंय." म्हटलं, "आजी तुझ्या घरी. मी दया पाटोळे, मी फॉर्म भरलाय." बिचारी ओशाळली. पुढच्या शनिवारपासून मी 'मॅडम' झाले आणि ती नुसती मनवा.

तिनं एकेकाला उठवून विचारलं, इथं कशाला आलात? पोरांनी कसली कसली जपानी नावं सांगितली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मला एक शेळी काढायचीय. सहा चित्रं. माझा भाऊ आहे तोवर त्याला ती दाखवायचीत." मागच्या बाकावर एकजण फिसकन हसला होता, तो गप्प झाला.

ती शेळी मुळात माझ्या भावाची, नोहादादाची. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगायची म्हटली की आधी माझंच तोंड काळं होतं.

आम्ही वडाळ्याचे. नगरहून नेवाशाकडे जाताना घोडेगाव सोडलं की वडाळा लागतं. वडील मी दुसरीत असताना गेले. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, त्यानं तिथंच शाळा सोडली आणि भिंती रंगवायला लागला. फ्लेक्स नावाची पीडा तेव्हा जन्मायची होती. बियाणं, बिडी, इंजिनचं तेल, सगळ्याची जाहिरात हातानं भिंतीवर काढायची. आधी चुना मारायचा. तो वाळला की निळीत बुडवलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, आणि मधे चिमटीत धरून सोडायची. फट् आवाज होतो आणि भिंतीवर निळी सरळ रेघ उमटते. सुट्टीत सुतळीचं दुसरं टोक धरायला मी असायची. माझ्या फ्रॉकवर कायम निळीचे ठिपके असायचे आणि आई कायम बडबडायची.

बारावी झाल्यावर मला उजवून टाकायचं आईनं ठरवलं होतं. स्थळही आलं होतं श्रीरामपूरचं. दादा आडवा आला. कधी न बोलणारा माणूस, चुलीपुढं बसून म्हणाला, "ती मास्तरीन हुईल. मला दावं लागलं ते लागलं, तिला नको." आई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. मी मात्र नगरच्या डी.एड. कॉलेजला गेले. सोमवारी सकाळच्या एसटीनं जायचं, हॉस्टेलवर राहायचं, शनिवारी संध्याकाळी परत यायचं.

हे त्र्याऐंशी सालचं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत दादाला इंजिनच्या तेलाचं मोठं काम मिळालं, वडाळ्यापासून नगरपर्यंत सहा भिंती. सुट्टीभर तो उजाडायच्या आत सायकलीला रंगाचे डबे अडकवून निघायचा. मला म्हणाला, या खेपेला तू येऊ नकोस, अभ्यास कर. मला बरंच वाटलं.

सुट्टी संपली. सोमवारी मी एसटीत बसले, डाव्या बाजूची खिडकी मिळाली. गाडी वडाळ्याच्या गोदामापाशी थांबली आणि मला दिसलं की तेलाच्या जाहिरातीच्या खाली, जमिनीलगत कोपऱ्यात, हात-सव्वा हाताची एक शेळी काढलीय. घराच्या दारात उभी. दार उघडं, उंबऱ्यापाशी हिरवा पाला ठेवलेला, बाजूला एक पुस्तक, खुंटी रिकामी आणि शेळीच्या तोंडात दावं. गळ्यात लाल रिबीन. मी खुदकन हसले. अख्ख्या वडाळ्यात लाल रिबिनीच्या दोन वेण्या घालून हिंडणारी मी एकटीच होते.

घोडेगावला दुसरी भिंत. तिथं बैलबाजार भरतो, तर शेळी एका थोराड बैलापुढं नाकाला नाक लावून उभी. तिसरी पांढरीच्या पुलाजवळ, शेळी पुलावर. चौथी घाटात, शेळी दमलेली, जीभ बाहेर. पाचवी जेऊरला, झाडाखाली पुस्तक उशाला घेऊन झोपलेली. आणि सहावी नगरच्या नाक्यावर. मोठी दगडी इमारत, पायऱ्यांवर शेळी, पुस्तक तोंडात. भिंती सगळ्या स्टॉपजवळच्या, गाडी थांबली की चित्र, गाडी सुटली की पुढच्या चित्राची वाट बघायची. तासाभराची करमणूक.

पण जेऊर येईपर्यंत माझं हसू मावळलं होतं. शेळीनं काय केलं? दारात पाला ठेवलेला असताना दावं कुरतडलं, बैलाशी उर्मटपणा केला आणि शहरात जाऊन पुस्तक खाल्लं. ती शेळी म्हणजे मी. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका.

एक गोष्ट तेव्हाही खटकली होती. शेळी चाललीय नगरकडे आणि सहाही चित्रांत तिचं तोंड मात्र मागं, वडाळ्याकडे. पण त्याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. भिंतीसमोर उभं राहिलं की वडाळा डाव्या हाताला येतं, आणि उजव्या हातानं काढणाऱ्याला डावीकडं बघणारं तोंड सोपं जातं. माझीही फळ्यावरची सगळी जनावरं पुढं आयुष्यभर डावीकडंच बघत राहिली. दादा भिंतीवरची अक्षरं काढणारा माणूस, त्याला उजवीकडचं तोंड जमलं नसेल, असं मी ठरवून टाकलं.

मग गावभर झालं. कंडक्टर हाळी द्यायचा, "नोह्याची शेळी आली का रे? सोडा गाडी." वर्गातल्या मुली बें बें करायच्या. शनिवारी परत येताना कुणी चिडवलं तरी निदान चित्रं दिसायची नाहीत, एवढंच सुख. क्लास पाचला सुटायचा, सहाची गाडी, थंडीचे दिवस, नाका येईतो अंधार. त्यात ती गाडी नेवाशापर्यंत खच्चून भरलेली. मी कायम उभी, माणसांच्या काखेत तोंड खुपसून.

नाताळला घरी आले आणि जेवायच्या ताटावर भडका उडाला. आईनं करंज्या वाढल्या होत्या. मी म्हटलं, "दादा, तू मला शिकायला पाठवलंस का चव्हाट्यावर मांडायला? सगळ्या रस्त्याला पळपुटी करून ठेवलंस."

दादानं हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "घरी येताना बघितलंस का?"

"येताना काय तिला शिंगं फुटतात?" मी म्हटलं. "जाताना बघितली तेवढी पुरे." आणि ताटावरून उठले.

दादानं पुढं काही विचारलं नाही. त्यानं परत कधी शेळीही काढली नाही. एप्रिलपर्यंत मी एसटीत उजव्या बाजूला बसून मांडीवरची वही बघत गेले. पुढं नोकरी लागली तेव्हा तालुका निवडायचा होता, मी अकोले लिहिलं. राजूरला पोस्टिंग मिळालं. जिल्ह्याच्या नकाशावर वडाळ्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं. लग्न केलं नाही, डोंगरातल्या पोरांना शिकवलं, वर्षातून दोनदा वडाळ्याला पाहुण्यासारखी गेले. दादा चांगलं वागायचा. चहा घे, जेवून जा, असं सगळं म्हणायचा. पण "दये, ये गं" असं त्यानं बेचाळीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. त्याला मी नको झालेय असंच मी धरून चालले, आणि मीही पाटलाच्या घोडीच्या तोऱ्यात, मी कशाला विचारतेय.

बाकीच्या भिंतींवर दोन-तीन वर्षांत नवा चुना बसला, रस्ता रुंद झाला तेव्हा काही पाडल्या. पांढरीच्या पुलाजवळची एकच उरली होती. तेलाची ती कंपनी बंद पडली, कुणी परत रंगवलीच नाही. रिटायर होऊन नगरला राहायला आले तेव्हापासून वडाळ्याला जाताना मी त्या भिंतीकडे बघायची. राग कधीच विरून गेला होता. उन्हापावसानं शेळी विटली होती, पण लाल रिबीन कळायची. ती दिसली की निळीची सुतळी आठवायची, सायकलीच्या दांडीवर बसून खाल्लेले शेंगदाणे आठवायचे.

गेल्या फेब्रुवारीत दादाला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. त्याला भेटून परत येत होते तर पुलाजवळ जेसीबी उभा. भिंत नव्हतीच. दगडविटांचा ढीग होता. मी रिक्षा थांबवून, साडी सावरत त्या ढिगात शिरले. कुठल्यातरी दगडाला लाल रंग लागलेला असेल म्हणून शोधत बसले. ड्रायव्हर म्हणाला, बाई, काय हरवलंय? आता त्याला काय सांगायचं? शेळी एक, तीही गेली. फोटो नाही. तेव्हा कॅमेरा फक्त लग्नाला यायचा. बैल गेला अन् झोपा केला, अशी माझी गत. त्या रात्री मी ठरवलं की शेळी परत काढायची, जशीच्या तशी, आणि दादाच्या हातात द्यायची. कदाचित त्यातून मला म्हणता येईल की तेव्हा मी चुकले.

तर असा हा क्लास. आणि शिक्षकासारखा वाईट विद्यार्थी दुसरा नसतो, हे मला तिथं कळलं. उंटावरून शेळ्या हाकायचा जन्म गेला, आता स्वतः एक काढायची म्हटल्यावर तोंडचं पाणी पळालं. टॅबवर पेन टेकवलं की रेघ भलतीकडंच उठायची. पहिली शेळी सगळ्यांना कुत्रं वाटली. दुसरी पोरांनी घोरपड म्हणून ओळखली.

त्यात ते लेअर. मनवा सांगायची, "मॅडम, मागचं घर एका थरावर काढा, शेळी दुसऱ्यावर. मग शेळी चुकली तर घराला धक्का लागत नाही." मी आपली भिंतीची माणूस. भिंतीला थर एकच, चुकलं की वरून चुना. मी सगळं एकाच लेअरवर काढायची आणि चुकलं की पांढरा रंग फासायची. मनवानं एकदा ते उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, इथं मागं जायचं बटण आहे. दाबलं की चूक झालीच नव्हती असं होतं."

"असं कुठं असतं का गं?" मी म्हटलं.

"टॅबमधे असतं," ती म्हणाली.

फुग्यांवरून आमचं रीतसर भांडण झालं. पात्रं ज्यात बोलतात त्याला ते फुगा म्हणतात. मी पहिल्याच चौकटीत शेळीच्या तोंडी चार ओळी घातल्या, शिक्षणाचं महत्त्व वगैरे. मनवा म्हणाली, "मॅडम, फुग्यात धडा लिहू नका. भावाच्या भिंतीवर काय लिहिलं होतं?"

"काहीच नाही."

"मग?"

मी तोंड वाकडं करून फुगे पुसले. पोरगी बरोबर होती, पण ते लगेच कबूल केलं तर मी दया कसली.

तिनं शिकवलेली एक गोष्ट मात्र मला पहिल्याच झटक्यात कळली. मोबाईलवरचं कॉमिक उभं असतं, अंगठ्यानं वर सारत वाचायचं. दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे वेळ. जागा जास्त सोडली की वाचणारा जास्त वाट बघतो. पोरांना ते समजावताना तिचा अर्धा तास गेला. मी म्हटलं, "म्हणजे एसटीचा रस्ता. दोन भिंतींच्या मधे गाडी चालतेय, आणि आपण खिडकीत." मनवानं हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मॅडम, म्हणजे तुमच्या दादांनी हे आपल्या आधी चाळीस वर्षं केलंय." मला त्या दिवशी क्लासमधेच रडू आलं. पोरांनी पाण्याच्या बाटल्या पुढं केल्या, अकराच्या अकरा.

चार महिने लागले. घरं, पूल, बैल, झाड, सगळं वेगवेगळ्या लेअरवर. मी मधली जागाही मोजून सोडली, पूल ते घाट कमी, जेऊर ते नगर जास्त. दादाच्या चुन्याचा पांढरा सापडायला मला तीन शनिवार लागले. टॅबमधला पांढरा नुसता दुधासारखा, चुन्याच्या पांढऱ्यात जराशी नीळ असते.

सगळं झाल्यावर मनवानं वरून खालपर्यंत सारून बघितलं आणि तिचं कपाळ आक्रसलं. "शेळी शहराकडं चाललीय ना? मग सगळीकडं तोंड उलटं का?"

"ती दादाची चूक," मी म्हटलं. "त्याला उजवीकडचं तोंड जमायचं नाही."

"मग नीट करू. शेळी वेगळ्या लेअरवर आहे ना तुमची? हे फ्लिपचं बटण. दाबलं की आरशासारखं उलटं होतं."

दाबलं. शेळी गर्रकन नगरकडं वळली. काय मजा वाटली मला. सहाच्या सहा फिरवल्या. आयुष्यात पहिल्यांदा दादाचं काम मी तपासून बरोबर केलं होतं. सोमवारी सकाळी ते वेबवर चढवायचं ठरलं. त्याआधी रविवारी वडाळ्याला जायचं, दादाला दाखवायचं.

रविवारची उपासना आटपून मी वडाळ्याला पोचले तेव्हा दादा ओट्यावर बाजेवर बसला होता, उशीला टेकून. त्याची सून, प्रार्थना, त्याला चहा बशीत ओतून पाजत होती. मला बघून त्याचं डाव्या बाजूचं तोंड हसलं. "आलीस," म्हणाला. बसते न बसते तोच मी टॅब काढला. म्हटलं, "दादा, तुझी शेळी आणलीय."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला उगाच आणली असं वाटून गेलं. मग त्यानं टॅब डाव्या हातानं मांडीवर ओढला. पहिलं चित्र, वडाळा. उघडं दार, पाला, पुस्तक, रिकामी खुंटी, दावं. त्यानं बोट काचेवर फिरवलं, चुन्यावर फिरवायचा तसं. मग म्हणाला, "तोंड फिरवल्यालं हाय."

"मग काय तर. ती निघालीय नगरला आणि तोंड मागं, असं कसं चालेल? तुझी चूक मी दुरुस्त केली."

दादानं अंगठा टेकवला आणि भराभर सारत सुटला. घोडेगाव गेलं, पूल गेला, घाट गेला.

"अरे, असं पळवू नको, एकेक बघ की," मी म्हटलं. चार महिन्यांचं काम माझं. शेळी जाते जिवानिशी, असं म्हणतात ना, तशी माझी अवस्था.

तो तळाला, नगरच्या नाक्यावर जाऊन थांबला. दगडी इमारत, पायऱ्या, शेळीच्या तोंडात पुस्तक. मग त्यानं अंगठा उलटा धरला आणि सावकाश, एकेक चित्र खाली ओढायला लागला. नगरपासून वडाळ्याकडं.

"कालेज सुटलं," तो म्हणाला. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "पुस्तक घेतलं. निघाली."

जेऊर आलं. "दमली. निजली."

घाट. पूल. तो प्रत्येक ठिकाणी थांबत होता, एसटीसारखा. घोडेगावच्या बैलापाशी त्याला हसू आलं. "बैलाला सांगती. मी मास्तरीन झाले, सर बाजूला."

आणि मग परत वडाळा. उघडं दार. उंबऱ्यापाशी पाला, तिच्यासाठी काढून ठेवलेला. पुस्तक आणून ठेवलंय बाजूला. मी बाजेची कड धरली.

"येतानाची काढली हुती," दादा म्हणाला. "शनवारी येतीस. थकून येतीस. म्हनलं, तेवढाच इरंगुळा."

"आणि दावं?" मी विचारलं. "दावं कुरतडलं ना तिनं?"

"न्हाई. खुंटी बघ की. मीच सोडल्यालं." तो श्वास घ्यायला थांबला. "ती उचलून आनून देती. घे म्हन्ती, आता लागत न्हाई."

प्रार्थना बशी हातात धरून तशीच उभी होती. मी म्हटलं, "दादा, शनिवारी नाक्यावरच अंधार व्हायचा. गाडीत मी उभी असायची. येताना मला एकही भिंत दिसली नाही रे, कधीच नाही."

"अंदार?" दादा म्हणाला.

त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यानं पहाटे काम सुरू केलं होतं आणि दिवस मावळायच्या आत घरी आला होता, रोजच. संध्याकाळची गाडी कशी येते हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

"मला वाटलं," तो म्हणाला, "बघून बी राग आला. घरी ये म्हनलं, त्याचा राग आला. म्हून मग कदी म्हनलो न्हाई."

बेचाळीस वर्षं. तो बोलवत नाही म्हणून मी जात नव्हते, आणि मला बोलावलेलं आवडत नाही म्हणून तो बोलवत नव्हता. मी रडले. चांगली हमसून रडले, त्या पोरांपुढं रडले त्याच्या दसपट. म्हटलं, "दादा, माझं चुकलं. मी ताटावरून उठायला नको होतं." तो डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटत राहिला, ते थोपटणंही नेमकं पडत नव्हतं, कानावर लागत होतं.

मग मी नाक पुसलं, चष्मा लावला आणि टॅब पुढ्यात ओढला. म्हटलं, आता रडून काय डोंबल होणार, आधी हे नीट करू. शेळीचा लेअर उघडला, फ्लिप. शेळी वळली. दुसरी वळवली, तिसरी वळवली. मग सहाही चौकटींचा क्रम उलटा लावला, नगर वर, वडाळा तळाला. दादा मान पुढं काढून बघत होता. "लई सोपं हाय की," म्हणाला. "आमाला तर आख्खी भिंत चुन्यानं मारावी लागायची."

"तू काढतोस का?" मी विचारलं. लकवा मारल्यापासून त्यानं ब्रशकडे बघितलं नव्हतं, प्रार्थनेनं मला खुणेनं नको नको केलं. पण मी वडाळ्याच्या खाली बरीच मोकळी जागा सोडली, नवा लेअर घेतला आणि पेन त्याच्या डाव्या हातात दिलं.

पेन दोनदा पडलं. तिसऱ्यांदा त्यानं मुठीत धरलं, खुरप्यासारखं. रेघ थरथरत होती. पाठ, पोट, चार पाय, त्यातला एक आखूड. कान. मग डोळ्यांवर त्यानं दोन गोल काढले, मधे दांडी. चष्मा. शेवटी मी लाल रंग निवडून दिला, त्यानं गळ्याशी एक गाठ मारली. म्हातारी शेळी, रिबिनीतली. घामानं त्याचं कपाळ भिजलं होतं.

पेन खाली ठेवून त्यानं चित्र लांब धरलं, निरखलं आणि चिडला. डाव्या हातानं काढलेली शेळी उजवीकडं बघत होती, घराकडं पाठ करून.

"हट्," तो म्हणाला. "दये, फिरव ती."

मी बटण दाबलं. शेळीनं घराकडं तोंड केलं.

"आता ये गं," दादा म्हणाला.